सादगी कोणी करायची?

लग्नसराई आली की जमातीच्या बैठकीत इसराफचा, म्हणजे उधळपट्टीचा, विषय हमखास निघतो. फिजूलखर्ची टाळा, सादगीने राहा, असे वडीलधारे सांगतात. उपदेश योग्यच आहे. पण तो नेमका कोणाला लागू पडतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. भिवंडीचा इतिहास पाहताना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

भिवंडीत कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर येथे आले आणि हातमागावर बसले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचे बरेचसे काम भिवंडीकडे वळले. 1970 आणि 1984 च्या दंगलींत शहर होरपळले, तरी मागांची खटखट पुन्हा सुरू झाली.

ही खटखट ज्याच्या जिवावर चालली, तो कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. जेवण भिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत. एकाच खोलीत दिवसपाळीवाले आणि रातपाळीवाले आळीपाळीने झोपणार. उरलेले पैसे गावी. या हिशेबातून आणखी काय कापायचे? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, माग बंद पडले आणि इतक्या काटकसरीने जगणाऱ्या या माणसांकडे काही आठवडे तग धरण्याइतकीही पुंजी नव्हती. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली. पुंजी नव्हती, कारण मजुरीच तेवढी नव्हती.

गरिबाच्या दारिद्र्याचे खापर त्याच्याच खर्चावर फोडण्याची सवय जुनी आहे. 1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे रयत कर्जबाजारी होते, असे तेव्हाही बोलले जाई. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र निराळा निष्कर्ष काढला. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असेल, पण तो क्वचितच येतो. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेल्या लहान रकमांनीच कर्ज अधिक फुगते, असे आयोगाला आढळले. सरकारनेच नेमलेल्या आयोगाचे हे म्हणणे आपणही ध्यानात ठेवावे.

म्हणजे लग्नातल्या खर्चाला मोकळीक द्यावी, असे नव्हे. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि कमी खर्चाच्या, भटजीविना विवाहाची पद्धत सुरू केली. मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बहिश्ती जेवर’ मध्ये लग्नातील खर्चिक रस्मांवर कडक टीका केली. दोघांच्या वाटा अगदी भिन्न, तरी लग्नाचा खर्च माणसाला पिळतो, हे दोघांनीही ओळखले होते. निकाहला लागते ते थोडेच: इजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहर. वलिमा सुन्नत आहे, पण तो ऐपतीप्रमाणे. हुंड्याला तर 1961 पासून कायद्यानेच बंदी आहे. तो ‘तोहफा’ म्हणून घेतला तरी हुंडाच.

पण लग्नाचे माप ठरवतो कोण? मोठा हॉल, रोषणाई, दहा प्रकारचे पदार्थ ही कामगाराने काढलेली रीत नव्हे. ज्याला परवडते त्याच्या घरी आज जे होते, तेच उद्या ज्याला परवडत नाही त्याच्या घरी मागितले जाते. मुलीचा बाप मग शेठकडून पेशगी घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याच मागाशी बांधला जातो. एका घरची हौस दुसऱ्या घरची सक्ती होते, ती अशी.

म्हणून सादगीची सुरुवात वरून व्हावी, असे आम्हाला वाटते. जमातीचे ट्रस्टी, कारखानदार, व्यापारी यांनी आधी आपल्या घरचा निकाह मशिदीत साधेपणाने करावा आणि मग ठराव करावेत. वाचलेल्या पैशातून मजुरीचा दर वाढवावा, कामगाराच्या मुलांची फी भरावी. तोवर काटकसरीचा उपदेश मागावर उभ्या असलेल्या माणसाला करू नये. ती तो आयुष्यभर करतोच आहे.