माळवदाचा गारवा आणि माळवदाचा भार

मंडळी, वैशाखातल्या उन्हातून तुम्ही कधी जुन्या माळवदाच्या घरात शिरला असाल, तर उंबरठा ओलांडताच अंगाला लागणारा गारवा तुम्हाला ठाऊक आहे. पंखा नाही, वीज नाही, आणि तरी घर थंड! हा गारवा येत होता कुठून? आणि तेच घर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसांच्या अंगावर का आले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच भिंतीत आहेत. ती आज आपण पाहू.

घर बांधताना माणूस जवळ मिळेल ते घेतो. किनवट-माहूरकडे जंगल, म्हणून तिकडे लाकूड-बांबू अधिक. कंधार, मुखेड, औसा, निलंगा या बाजूला काळा दगड विपुल आणि पाऊस बेताचा. म्हणून इथे दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती उभ्या राहिल्या. आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, वर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड सपाट थर. हेच माळवद, कुणी धाबे म्हणतात. उजेडाला आणि धुराला छतात साणे, पाणी जायला पन्हळ. ऐपतदाराचा वाडा असला तर ढेळज, मधोमध चौक आणि भोवती सोपे.

आता गारव्याचे गणित बघा. दगड आणि माती उशिरा तापतात आणि उशिरा निवतात. दुपारी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागलेले ऊन आत पोचायला आठ-दहा तास, कधी अधिकही लागतात. तोवर रात्र झालेली असते. साण्यातून आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते, घर निवते, आणि दुसऱ्या दिवशी तोच गारवा दुपारी कामाला येतो.

पण या गारव्याला वजन होते. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर नवी माती पडायची. जुनी मात्र क्वचितच काढली जाई. दीड-दोन फुटांचा थर सहज होई. दोन फूट जाड मातीचे वजन दर चौरस फुटाला जवळजवळ शंभर किलो भरते. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीच्या डोक्यावर सुमारे दहा टन!

भिंतीचे दुखणे आणखी आतले होते. बाहेरून ती एक दिसे, पण असत दोन: बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोघांना बांधणारा आरपार दगड बहुधा नसायचा. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, गाव झोपेत. भिंतीचे दोन्ही थर फाकले, दगड आत कोसळले आणि वरची माती खाली आली. भूकंप ६·२ तीव्रतेचा, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत गणना होईल असा नव्हे. पण लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, तिथे पुष्कळदा भिंती पडूनही छत उभे राहिले.

यानंतर लोकांचा दगडमातीवरचा विश्वास उडाला, आणि त्यांना दोष कोण देईल? पडलेली गावे नव्या जागी वसली. सिमेंटची घरे आली, स्लॅब आला, पत्रा आला. भीती कमी झाली. पण उन्हाळा घरात आला. पत्रा तापतो तसा लगेच आत तापवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंथरुणावर सोडतो.

तुम्ही म्हणाल, आता कूलर आहे, एसी आहे. शहरात तर मोबाईलवरून पंखे-दिवे चालतात. खरे आहे. पण छप्परच भट्टी झाले, तर हुशार यंत्र काय करणार? ते वीज जाळील आणि बिल वाढवील. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. तिच्या पहिल्या भागातही यंत्राआधी भिंत, छत आणि खिडकी यांतून किती उष्णता आत येते, याचाच विचार आहे.

तेव्हा माळवदाकडून गारवा घ्यावा, भार घेऊ नये. दगडी भिंत बांधायची तर थोड्या थोड्या अंतरावर आरपार दगड घाला. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली चारी भिंतींना बांधणारा सलग पट्टा द्या. जुने माळवद असेल तर जाणत्या अभियंत्याला दाखवून जादा माती उतरवा. स्लॅब असेल तर त्यावर मातीचा ढीग नको. उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात पुरे. पश्चिमेच्या भिंतीला झाडाची किंवा ओसरीची सावली द्या, आणि गरम हवेला वरून वाट ठेवा. साण्याचे काम उंचावरचा झरोकाही करतो.

गुरुजींना एक सुचवणे. गावात पत्र्याची, स्लॅबची आणि माळवदाची अशी एकेक खोली निवडा. एप्रिलमध्ये आठवडाभर दुपारी दोनला आणि रात्री नऊला मुलांकडून तिथले तापमान लिहून घ्या. ते आकडे फळ्यावर मांडले, की घर कसे बांधावे याचा अर्धा धडा मुलांनी स्वतःच वाचलेला असेल. उरलेला अर्धा १९९३ ने शिकवला आहे. तो त्यांना तुम्ही सांगा.