गावराणी कापसातील वाणवैविध्य : एक ऐतिहासिक टिपण

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जो कापूस होत असे, तो प्रायः देशी, म्हणजे वनस्पतिशास्त्रात ‘गॉसिपियम आर्बोरियम’ या नावाने ओळखला जाणारा होय. त्यातही नांदेड, हिंगोली व परभणी या भागांतील गावराणी कापूस लांब व मऊ धाग्यासाठी नावाजलेला होता. एकाच जातीच्या पोटात धाग्याची लांबी, बोंडाचा आकार, फुलाचा रंग आणि रुईचा उतारा यांत किती अंतर असू शकते, हे देशी कापसाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. हचिन्सन व सिलो या संशोधकांनी या जातीचे भौगोलिक वंश ठरविले. त्यांत दख्खनकडील कापसास ‘इंडिकम’, तर उत्तरेकडील आखूड धाग्याच्या पण अधिक रुई देणाऱ्या कापसास ‘बेंगालेन्स’ असे नाव आहे.

कापसाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. तथापि मधमाश्यांमुळे शेजारच्या ताटव्यातील पराग थोड्याफार प्रमाणात येतोच. यास्तव एका शिवारात कोणते बियाणे येते, यावर पुढच्या पिढ्यांचे स्वरूप ठरते. जोवर घरोघर हातरेच्यावर सरकी काढली जाई, तोवर शेतकऱ्याच्या हाती त्याच्याच शेताचे बी परत येई आणि गावोगावचे वाण आपापले राहत. वाफेवर चालणाऱ्या जिनांनी ही व्यवस्था मोडली. मनमाडहून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी व नांदेड या मार्गे सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि अनेक गावांचा कापूस एकाच जिनात येऊन पडू लागला. तेथून बाहेर पडणारी सरकी कोणत्या शेतातील, हे सांगणे अशक्य झाले; पुढील पेरणी मात्र तिचीच होई.

यात बाजाराची भर पडली. व्यापारी उताऱ्याकडे पाहून भाव देई, धाग्याच्या लांबीकडे तितकेसे नव्हे. साहजिकच आखूड धाग्याचे, भरपूर रुईचे वाण गावराणीत मिसळत गेले. त्यासाठी शेतकऱ्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या काळात, १९२३ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात कापसाच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. तशाच धर्तीचे संरक्षण हैदराबाद संस्थानात गावराणीच्या प्रदेशालाही मिळाले. निवड पद्धतीने ‘गावराणी ६’सारखे एकजिनसी वाणही तयार झाले. यामुळे गिरण्यांना सारखा धागा मिळाला हे खरे. परंतु कायद्याने ज्यास भेसळ म्हटले, त्यातच जातीचे वैविध्यही होते. निवडलेल्या थोड्या झाडांच्या संततीने शिवार भरले, की उरलेली गुणसंपदा नकळत बाजूस पडते.

तथापि मोठा बदल पुढेच व्हावयाचा होता. देशी कापसात २६ गुणसूत्रे, अमेरिकन ‘हिर्सुटम’मध्ये ५२; त्यामुळे दोहोंचा सहज संकर होत नाही. अमेरिकन कापूस पसरला, तेव्हा गावराणीचे रूपांतर झाले नाही. ती शेतातून उठली. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित वाण दिला, आणि पुढे नांदेडच्या संशोधन केंद्राचा ‘एनएचएच-४४’ मराठवाड्यात लोकप्रिय झाला. संकरिताचे घरचे बी पुढील वर्षी तसेच उगवत नाही. म्हणून बियाणे दरसाल विकत घेणे आले. जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरितांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि सुमारे दशकभरात राज्यातील बहुतेक कपाशी बीटी झाली. वाणांची नावे शेकडो, पण बोंडअळीविरुद्धचे अस्त्र सर्वांत जवळपास एकच. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात ते निष्प्रभ ठरविले.

देशी कपाशी तुडतुडे व पाण्याचा ताण पुष्कळ सोसते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात ‘मेहबूब बाग’ प्रक्षेत्रावर तिच्यातूनच लांब धाग्याचे ‘पीए २५५’सारखे वाण निपजले, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतही देशी बियाण्यांचे नमुने जतन केलेले आहेत.