संगणकांचे क्लोनिंग

एका संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि कामाची सगळी सॉफ्टवेअर एकदाच नीट बसवायची, त्या डिस्कची नक्कल फाइलच्या रूपात साठवायची आणि ती फाइल तशाच इतर संगणकांवर उतरवायची, या पद्धतीला क्लोनिंग म्हणतात. साठवलेल्या नकलेला डिस्क इमेज किंवा नुसते ‘इमेज’ म्हणतात. ज्या संगणकावरून ती काढली जाते, ते मास्टर मशीन. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, परीक्षा केंद्रे, कॉल सेंटर, बँकांच्या शाखा अशा ठिकाणी एकाच घडणीचे अनेक संगणक लागतात आणि तिथे ही पद्धत रोजच्या वापरात आहे. लॅब असिस्टंटच्या बोलण्यात हे काम ‘इमेज टाकणे’ असते. जुनी मंडळी अजूनही ‘घोस्ट मारणे’ म्हणतात.

मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात अशा प्रयोगशाळांची दाटी आहे. पूर्वेला कलिन्यात मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे, तर पश्चिमेला जुहू तारा रस्त्यावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे संकुल आणि त्यातील उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था. जवळच जुहूच्या गुलमोहर रस्त्यावर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कामातून १९८५ साली आकाराला आलेले हे केंद्र पुढे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाले. सांताक्रूझचेच नाव धारण करणारे, पण प्रत्यक्षात अंधेरी पूर्वेला असलेले सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र १९७३ साली सुरू झाले आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे घर बनले. उपनगरातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञानाचे पदवी अभ्यासक्रम आले, तसे एकेका लॅबमध्ये वीस-तीस संगणक मांडले गेले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हेच चित्र तालुक्याच्या गावापर्यंत नेले. सत्र बदलले की सॉफ्टवेअर बदलते. एका संगणकावर विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस, कंपायलर आणि डेटाबेस हाताने बसवायला अर्धा दिवस सहज जातो. तीस संगणकांचा हिशेब मांडला की क्लोनिंगशिवाय गत्यंतर का नसते, ते कळते.

या तंत्राचा प्रसार झाला तो घोस्ट या प्रोग्रॅममुळे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हॅझार्ड यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो लिहिला आणि १९९८ साली सिमँटेकने तो विकत घेतला. बूट फ्लॉपीवरून तो चालत असे. दुसरी हार्डडिस्क जोडून किंवा नेटवर्कवरून नक्कल उतरवता येई. घरगुती वापराच्या नॉर्टन घोस्टची विक्री २०१३ साली बंद झाली, तोवर त्याच्या जागी दोन मुक्त प्रकल्प रुळले होते. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्राने तयार केलेला क्लोनझिला हा त्यातला पहिला आणि चक सिपरस्की व जियान झांग यांनी २००७ साली सुरू केलेला फॉग हा दुसरा. दोन्हींना शुल्क नाही. खर्चाला मंजुरी मिळवण्यातच सत्र संपते अशा संस्थांसाठी ही गोष्ट फार मोलाची ठरली.

इमेज काढण्याच्या तीन तऱ्हा आहेत. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा उचलणे ही सर्वांत सरळ, पण सर्वांत उधळी तऱ्हा: पाचशे जीबीच्या डिस्कवर साठ जीबीच मजकूर असला, तरी पाचशेच वाचावे लागतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्रॅम फाइल सिस्टिमची मांडणी ओळखतो आणि भरलेले भागच घेतो. क्लोनझिलातील पार्टक्लोन असे काम करतो, आणि फाइल सिस्टिम ओळखता आली नाही तरच पहिल्या तऱ्हेकडे वळतो. तिसरी तऱ्हा विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या विम स्वरूपाची. त्यात सेक्टर न साठवता फाइली साठवल्या जातात आणि एकच फाइल अनेकदा आली तरी ती एकदाच ठेवली जाते. त्यामुळे लक्ष्य डिस्क लहान असली तरी मजकूर मावला की पुरते. क्लोनझिलाला मात्र लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. मास्टर मशीनला म्हणूनच लॅबमधली सर्वांत लहान डिस्क बसवावी.

एकेका संगणकाला पेनड्राइव्ह लावत फिरण्यापेक्षा नेटवर्कवरून काम करणे सोयीचे. त्यासाठी पीएक्सई ही व्यवस्था वापरतात. इंटेलने १९९८-९९च्या सुमारास तिचे मानक पक्के केले. संगणक सुरू होताच डिस्ककडे न जाता नेटवर्क कार्डाकडे वळतो, डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी पत्ता आणि बूट फाइलचे नाव घेतो, टीएफटीपीने ती छोटी फाइल उतरवतो आणि तिच्यातून क्लोनिंगची लहानशी लिनक्स प्रणाली मेमरीत चढते. हार्डडिस्क कोरी असली तरी चालते. बायॉसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू ठेवले असेल तर संगणक दुरूनही जागे करता येतात. त्यासाठी पाठवायच्या पॅकेटमध्ये आधी सहा बाइट सलग ‘एफएफ’ असतात आणि मागोमाग त्या संगणकाचा मॅक पत्ता सोळा वेळा येतो. कॅम्पसच्या नेटवर्कवर आधीच एक डीएचसीपी सर्व्हर असतो. क्लोनिंगचा दुसरा सर्व्हर न विचारता जोडला, तर अख्ख्या मजल्यावरचे संगणक चुकीचे पत्ते घेऊन बसतात. म्हणून लॅबचा स्विच त्या वेळेपुरता वेगळा काढणे सुरक्षित.

वेग कशावर ठरतो, हे आकड्यांवरून समजते. वीस जीबीची इमेज गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला सुमारे शंभर एमबी या वेगाने गेली, तर दोनशे सेकंद लागतात. पण चाळीस संगणकांना ती वेगवेगळी पाठवली, तर सर्व्हरला आठशे जीबी बाहेर काढावे लागतात आणि सव्वादोन तास जातात. जुन्या शंभर मेगाबिट स्विचवर हेच काम जवळजवळ बावीस तासांवर जाते. मल्टिकास्ट पद्धतीत सर्व्हर प्रवाह एकदाच सोडतो आणि सर्व संगणक तो एकाच वेळी घेतात. मग संगणक दहा असोत वा चाळीस, वेळ जवळपास तेवढाच. क्लोनझिलाच्या निर्मात्यांनी ५.६ जीबीची इमेज ४१ संगणकांवर एकाच वेळी सुमारे दहा मिनिटांत उतरवल्याची नोंद केली आहे. या पद्धतीत सर्वांत मंद डिस्क सगळ्यांचा वेग ठरवते. एखादी खराब केबल किंवा झिजलेली हार्डडिस्क पूर्ण लॅबला रखडवते, तेव्हा तो संगणक बाजूला काढून बाकीच्यांचे काम पुढे न्यावे लागते. वाय-फायवर मल्टिकास्टच्या वाटेला जाऊ नये.

इथवरचे काम यंत्र करते. माणसाच्या कसोटीचा भाग त्यापुढे आहे, आणि अपुऱ्या माहितीने बहुतेक बिघाड तिथेच होतात. संगणकाची ओळख सांगणाऱ्या काही खुणा डिस्कवरच लिहिलेल्या असतात. इमेज टाकली की त्या खुणाही उतरतात आणि चाळीस संगणक एकाच ओळखीने वावरू लागतात. संगणकाचे नाव सारखे असल्याचा गोंधळ लगेच दिसतो. आतल्या खुणा मात्र दिसत नाहीत. विंडोजमध्ये प्रत्येक स्थापनेला एसआयडी हा सुरक्षा-क्रमांक मिळतो. तो सारखा राहू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने सिसप्रेप हे साधन दिले. इमेज काढण्याआधी ते ‘जनरलाइज’ पर्यायासह चालवले की एसआयडी आणि त्या यंत्राशी बांधलेल्या नोंदी पुसल्या जातात आणि प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख घेते. पूर्वी अनेक जण हे टाळून मार्क रसिनोविच यांचे न्यूएसआयडी वापरत. २००९ साली खुद्द रसिनोविच यांनी, सारख्या मशीन एसआयडीमुळे प्रत्यक्षात अडचण येत नाही, अशी भूमिका घेऊन ते साधन मागे घेतले. पुढे कित्येक लॅबमध्ये सिसप्रेपला फाटा मिळाला तो याच आधारावर. हा आधार आता उरलेला नाही. ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासून आलेल्या अपडेटनंतर विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या आणि विंडोज सर्व्हर २०२५ सारखा एसआयडी असलेल्या यंत्रांमधील केर्बेरोस व एनटीएलएम प्रमाणीकरण नाकारतात. सामायिक फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप जोडला जात नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा ठरतो. त्यावर कायमचा इलाज एकच: सिसप्रेप केलेल्या इमेजमधून ती यंत्रे पुन्हा घडवणे.

परवान्याच्या सक्रियीकरणातही हीच खोच आहे. संस्थांसाठीचा केएमएस सर्व्हर किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय साध्या विंडोजला सक्रिय करत नाही. सिसप्रेपविना टाकलेल्या प्रतींचा ग्राहक-क्रमांक एकच असतो. त्यामुळे तीस संगणक सुरू असले तरी सर्व्हरच्या लेखी एकच येतो, गणती पुढे सरकत नाही आणि लॅबभर सक्रिय करण्याची सूचना झळकत राहते. अँटिव्हायरसच्या केंद्रीय व्यवस्थेतही असेच होते. म्हणून त्याचा एजंट इमेजमध्ये न घालता नंतर बसवणे चांगले. लिनक्समध्ये एसआयडी नाही, पण मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या आहेत. मशीन-आयडी सारखा राहिला तर काही वितरणांत डीएचसीपी सर्व्हर दोन संगणकांना एकच आयपी पत्ता देतो. इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करून ठेवली आणि एसएसएचच्या किल्ल्या पुसून पहिल्या बूटला नव्या तयार होतील अशी सोय केली, की हा प्रश्न मिटतो.

सिसप्रेपचेही काही हट्ट आहेत. मास्टर मशीनवर एखाद्या वापरकर्त्याने स्टोअरमधून ॲप घेतले असेल आणि ते सर्वांसाठी बसवलेले नसेल, तर सिसप्रेप मध्येच थांबते. यावर उपाय म्हणजे नव्या विंडोजच्या पहिल्या स्वागत-पडद्यावरच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जाणे, इंटरनेट तोडून सगळी सॉफ्टवेअर तिथेच बसवणे आणि तिथूनच सिसप्रेप करणे. वेगळे खाते उघडावेच लागत नाही.

महाराष्ट्रातील लॅबमध्ये एक गोष्ट हटकून राहून जाते, ती मराठीची. मास्टर मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवला, टंकून पाहिला, इमेज काढली. आणि विद्यार्थ्याने नव्या खात्याने लॉग-इन केले की कीबोर्ड गायब. भाषेची ही मांडणी खात्यापुरती असते. रीजनच्या खिडकीतील प्रशासकीय भागात जाऊन ती स्वागत-पडद्यासाठी आणि नव्या खात्यांसाठी कॉपी केली, तरच ती पुढे जाते. युनिकोडपूर्व फाँटमधील जुने मजकूर उघडावे लागणाऱ्या कार्यालयांत ते फाँटही इमेजमध्येच असावेत. लिनक्सवर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात म्हणून जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडिक्स’ प्रकल्पातून काम झाले होते. आज बहुतेक वितरणांत देवनागरी जन्मतःच असते, तरी कीबोर्डची निवड हाताने करावी लागते.

यंत्रसामग्रीतील फरक हा आणखी एक अडथळा. एकाच निविदेत आलेले ब्रँडेड संगणक सारखे असतात, पण मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून टप्प्याटप्प्याने जोडून आणलेल्या संगणकांत मदरबोर्ड बदललेले असतात. मास्टरच्या बायॉसमध्ये डिस्कसाठी एएचसीआय असेल आणि दुसऱ्यात इंटेलचा रेड किंवा व्हीएमडी असेल, तर विंडोज डिस्क सापडत नसल्याचे सांगून निळ्या पडद्यावर थांबते. जुन्या बायॉस पद्धतीने काढलेली इमेज युईएफआयवर सुरू होत नाही. विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही, फाइल सिस्टिम अर्धवट उघडी राहते आणि क्लोनिंगचा प्रोग्रॅम तिला हात लावत नाही. डिस्क कूटबद्ध करणारा बिटलॉकरही आधी उतरवावा लागतो. प्रत्येक जातीच्या संगणकासाठी वेगळी इमेज ठेवणे हा सोपा मार्ग. विम पद्धतीत एकच इमेज ठेवून तिला ड्रायव्हर जोडणे हा कष्टाचा, पण दीर्घकाळ टिकणारा मार्ग आहे.

मुंबईच्या परिस्थितीत इमेज कुठे ठेवायची हा प्रश्नही तितकाच खरा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस मोजला गेला आणि मिठी नदीलगतच्या कलिन्यात पाणी भरले. तळमजल्यावरच्या लॅबचा सर्व्हर तिथेच जमिनीवर असेल, तर संगणकांसोबत त्यांना पुन्हा उभे करण्याचे साधनही बुडते. इमेजची एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक संकुलाबाहेर असायलाच हवी. विजेचेही तसेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज एकाएकी गेली होती. क्लोनिंग चालू असताना असे झाले तर त्या डिस्का अर्धवट लिहिलेल्या राहतात आणि सुरू होत नाहीत. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर असले तर निदान इमेज शाबूत राहते आणि काम पुन्हा हाती घेता येते.

एकदा टाकलेली इमेज सत्रभर तशीच राहावी म्हणून कॅनडातील फॅरोनिक्सच्या डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअर वापरतात. संगणक पुन्हा सुरू झाला की झालेले बदल नाहीसे होतात. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा २०१९पासून संगणकावर होऊ लागली. परीक्षेसाठी लॅब देणाऱ्या महाविद्यालयांना परीक्षेपुरती वेगळी, मोजक्या सॉफ्टवेअरची इमेज टाकून नंतर अभ्यासाची इमेज परत उतरवणे सोयीचे पडते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. लॅबमधील बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. अशा यंत्रांसाठी उबुंटू किंवा सी-डॅकच्या बॉस लिनक्सची इमेज तयार करणे हा परवडणारा मार्ग आहे. कार्यालयांत आता संगणक पेटीतून काढून इंटरनेटला जोडला की मांडणी आपोआप उतरावी, अशी मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटची पद्धत रुळते आहे. प्रत्येक यंत्र एका कर्मचाऱ्याला बांधलेले असेल तिथे ती चांगली चालते. दर तासाला विद्यार्थी बदलणाऱ्या आणि इंटरनेटची एकच जोडणी तीस संगणकांत वाटून घेणाऱ्या लॅबमध्ये मात्र स्थानिक सर्व्हरवरची इमेजच अधिक वेगवान आणि स्वस्त ठरते.