संयुक्त तापन-शीतन संच, घरगुती
नैसर्गिक वायू जाळून हिवाळ्यात घर उबदार आणि विजेवरील संपीडकाने उन्हाळ्यात गार ठेवणारा एकत्रित संच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याचा विशेष प्रसार झाला. प्रारंभीच्या शीतनयंत्रांतील सल्फर डाय-ऑक्साइड, मिथिल क्लोराइड यांसारखी प्रशीतके विषारी होती. १९३० नंतर बिनविषारी फ्रेऑन वापरात येऊन घरातील तो धोका ओसरला. इंधनवायूचा धोका मात्र असा टाळता येण्याजोगा नव्हता. तो केवळ जाणवेल असा करणे शक्य होते. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सस राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत गंधहीन वायू साचून स्फोट झाला व सु. ३०० विद्यार्थी-शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे वायूत उग्र वासाची संयुगे मिसळणे सक्तीचे झाले. ज्योतीच्या उष्णतेवर वीज निर्माण करणारे तपयुग्म ज्योत विझताच झडप बंद होऊ देते, ही योजनाही रूढ झाली. तथापि उष्णता-विनिमयकास तडा गेल्यास वासरहित, विषारी कार्बन मोनॉक्साइड हवा खेळविणाऱ्या पंख्यामार्फत घरभर पसरू शकतो. म्हणून वार्षिक तपासणी, मोकळे धुराडे व कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र आवश्यक ठरतात. वायूचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता सर्वांनी घराबाहेर पडावे.