पोट उघडलं आणि तसंच शिवलं

गेल्या शनिवारी कळंबला गेलो होतो. (मंचर ओलांडून नारायणगावकडे निघालं की लागतं, ते.) चहा घेताना आत्याने जुना विषय काढला. तिच्या थोरल्या दिरांना जठराचा कॅन्सर होता. "पोट उघाडलं आन् तसंच शिवलं. काय काढलंच न्हाई. पैसं मात्र पुरं घेतलं."

मलाही ही फसवणूकच वाटायची. रविवारी वाचत बसलो, तर इतिहास भलताच निघाला.

२९ जानेवारी १८८१, व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ या सर्जनने ४३ वर्षांच्या एका बाईच्या जठराचा गाठ असलेला भाग कापला आणि उरलेलं जठर लहान आतड्याला जोडलं. त्याआधी पेआन (१८७९) आणि रिडिगिअर (१८८०) यांनी हेच केलं होतं, पण दोघांचेही रुग्ण आठवड्याच्या आत गेले. बिलरोथची पेशंट जगली, जेवू लागली आणि साधारण चार महिन्यांनी कॅन्सरनेच गेली. (पुस्तकांत याला 'पहिलं यशस्वी ऑपरेशन' म्हणतात. असो.) १८९७ मध्ये झुरिचच्या श्लाटरने तर अख्खं जठर काढलं. त्याची पेशंट १४ महिने जगली.

पुढे बराच काळ सूत्र एकच, आणखी काढा! पण कॅन्सर दूर पसरला असेल तर? जपान, कोरिया आणि सिंगापूरमध्ये १७५ रुग्णांवर हे तपासलं, निकाल २०१६ चा. नुसती केमो घेतलेले दोन वर्षांनी सुमारे ३२ टक्के जिवंत होते, जठर काढून केमो घेतलेले २५ टक्के. म्हणजे काढून काहीच फायदा नाही.

जिथे काढणं शक्य आहे तिथे मात्र चित्र वेगळं. ब्रिटनमधल्या २००६ च्या अभ्यासात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण २३ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. २०१९ मध्ये जर्मनीत याहून चांगली औषधं सापडली. आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलमध्येही वाढलेल्या पण न पसरलेल्या कॅन्सरला आधी केमो, मग ऑपरेशन अशीच पद्धत आहे.

म्हणजे दिरांचं पोट तसंच शिवणाऱ्या डॉक्टरने बहुधा बरोबर केलं होतं. पसरलेलं सी.टी. स्कॅनमध्ये नेहमीच दिसत नाही, म्हणून हल्ली आधी छोट्या भोकातून दुर्बीण घालून बघतात.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग हे तवाच का न्हाई सांगितलं कुणी आम्हाला?"