वायर ईडीएममधील सुटे गाभे आणि मनुष्याविना चालणारी रात्र

वायर ईडीएम, म्हणजे पुण्या-भोसरीच्या टूलरूममधले ‘वायरकट’, हे यंत्र निर्मनुष्य कारखान्यात रात्रभर चालावे अशाच घडणीचे आहे. पितळेची बारीक तार, बहुधा ०.२५ मिलिमीटर व्यासाची, विद्युत ठिणग्यांनी पोलाद झिजवत पुढे सरकते. तार तुटली तर यंत्र ती स्वतः पुन्हा ओवते. तरीही पहाटे यंत्र बंद पडलेले आढळते, आणि पुष्कळदा त्याचे कारण असतो डायच्या छिद्रातून सुटलेला गाभा. कारागीर त्याला ‘कोअर’ म्हणतात, अमेरिकेत ‘स्लग’ हा शब्द अधिक चालतो.

छिद्राचा परिघ पूर्ण कापला गेला की आतला तुकडा कशालाच धरलेला राहत नाही. ५० मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधील ५० बाय ५० मिलिमीटरचा पोलादी गाभा सुमारे ९८० ग्रॅम भरतो. टंगस्टन कार्बाइडचा असेल तर जवळपास दुप्पट. तो तिरका होऊन तारेला चिकटतो तेव्हा शॉर्टसर्किट होते. खाली पडला तर खालच्या नोझलवर आदळतो किंवा तिथेच अडकून पुढच्या हालचालीत हेडला धडक देतो. पातळ, हलक्या गाभ्याची तऱ्हा उलटी: खालून येणारा पाण्याचा झोत त्याला उचलतो आणि वरचे हेड त्यावर आपटते.

सर्वांत जुना आणि माझ्या मते आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे टॅब. परिघाचा छोटासा भाग, सामान्यतः एक ते तीन मिलिमीटर, न कापता ठेवायचा. टॅबची उंची प्लेटच्या पूर्ण जाडीइतकी असते, त्यामुळे जाड प्लेटमध्ये दिसायला अरुंद टॅबही बराच भार पेलतो. त्याची जागा मात्र विचाराने निवडावी लागते. कोपऱ्यावर किंवा लहान त्रिज्येच्या वळणावर टॅब ठेवल्यास नंतर राहणारी बारीक रेघ काढणे कठीण जाते. ती सरळ बाजूवर असावी.

खरी हुशारी कामाच्या क्रमात आहे. समजा, एका प्लेटमध्ये बारा छिद्रे आहेत आणि प्रत्येकाच्या रफ कटाला दोन तास लागतात. प्रत्येक छिद्र एकेक करून पूर्ण केले तर दर दोन तासांनी माणूस हवा. त्याऐवजी बाराही रफ कट टॅब राखून सलग लावले, तर चोवीस तास कोणाची गरज पडत नाही. त्यानंतर प्रोग्राममध्ये थांबा ठेवायचा. सकाळी कारागीर चुंबकाने किंवा पट्टीने गाभा धरून एकेक टॅब कापतो, झोताचा दाब कमी ठेवतो आणि तुकडे बाहेर काढतो. फिनिशचे हलके कट दुसऱ्या रात्रीवर सोपवता येतात. याचा आणखी एक लाभ असा की, हार्डन केलेल्या पोलादातील अंतर्गत ताण रफ कटानंतर मोकळा होतो आणि प्लेट किंचित हलली तरी ती चूक फिनिश कट भरून काढतात. पंचच्या बाबतीत गाभा हाच नग असल्याने टॅबची खूण शेवटी घासून काढावी लागते, एवढाच फरक.

अगदी लहान छिद्रांसाठी गाभाच उरू नये म्हणून आतला सगळा धातू ठिणग्यांनी झिजवतात. काही मिलिमीटरपर्यंत हे परवडते. त्यापुढे नाही, कारण परिघाच्या कापाचा वेळ व्यासाच्या प्रमाणात वाढतो, तर संपूर्ण झिजवण्याचा वेळ व्यासाच्या वर्गाच्या.

जपानच्या फानुकच्या रोबोकट यंत्रांत ‘कोअर स्टिच’ ही सोय आहे: ठरावीक जागी तारेचाच धातू गाभा आणि प्लेट यांच्यावर चढवून टाका घातला जातो, आणि नंतर हलक्या ठोक्याने गाभा सुटतो. कल्पना सुंदर आहे, पण अवजड गाभ्याला आणि अपरिचित धातूला आधी चाचणी कट केल्याशिवाय ती रात्री लावू नये. चुंबकाचेही तसेच: ॲल्युमिनियमवर तो निरुपयोगी, तिथे टॅब किंवा डिंकासारखे चिकट द्रव्यच उपयोगी.

शनिवार-रविवारची मोठी फेरी लावताना तारेचाही हिशेब करावा. मिनिटाला दहा मीटर वेगाने ०.२५ मिलिमीटरची पितळी तार तासाला सुमारे २५० ग्रॅम खर्च होते; साठ तासांना पंधरा किलो. आणि दुसरी फेरी सुरू करण्यापूर्वी ट्रेमधले गाभे मोजावेत. छिद्रे बारा आणि गाभे अकरा असतील, तर बारावा टाकीत किंवा खालच्या हेडजवळ आहे. तो सापडेपर्यंत यंत्र सुरू करू नये.