वार एका दिवसाचा, पट्टी महिन्याची

या मालिकेत आपण बहुतेक वेळ तलवारी आणि तोफांवर घालवला. वार झाल्यावर पुढे काय, हे मात्र कधी बोललो नाही. आज तेच बोलू. हा इतिहास मी वाचला तो वाराणसीत, लेकीच्या घरी, तिच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून.

लेक तिथे नोकरीला आहे. मागच्या वर्षी तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ, मान आणि पाठ दुखणं, असं पंधरा वर्षं तिने काढलं होतं. कागदावर मात्र शब्द एकच होता : कॉस्मेटिक. त्या शब्दामुळे नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना 'एक लहानशी गाठ होती, काढली' असं सांगायचं ठरलं. मीही त्याला मान डोलावली. आता ती म्हणते, "बाबा, लपवायचा कंटाळा आला, तुम्ही बोला." म्हणून बोलतोय.

ड्रेसिंग तिची आई करायची. बापाने त्या खोलीत जायचं नव्हतं. मला कामं मिळाली ती गॉज कापून देणं, ताप लिहून ठेवणं आणि औषधांच्या वेळा सांभाळणं. एमआय रूमच्या नर्सिंग असिस्टंटचीच ड्युटी म्हणा. उरलेल्या वेळात मी सुश्रुतसंहिता उघडली. काशीत बसून दुसरं काय उघडणार? ग्रंथाची मांडणीच अशी आहे की काशिराज दिवोदास धन्वंतरी शिकवतो आहे आणि सुश्रुत व इतर शिष्य ऐकताहेत. आज आपल्या हातात असलेला पाठ एका माणसाचा किंवा एका काळाचा नाही, त्यात पुढे भर पडली आहे. त्यामुळे सनावळीच्या भांडणात मी पडत नाही.

सुश्रुत म्हटलं की आपण लगेच 'प्लॅस्टिक सर्जरीचा जनक' म्हणून छाती फुगवतो आणि पुस्तक मिटतो. मीही तेच करत आलो होतो. पण सूत्रस्थानाचा एकोणिसावा अध्याय वाचा. तो अख्खा अध्याय जखमी माणसाच्या शुश्रूषेवर आहे. खोली कशी हवी, तर स्वच्छ, ऊन आणि वारा थेट लागणार नाही अशी. अंथरूण अडचणीचं नको. नखं आणि केस बारीक कापलेले असावेत. दिवसा झोपू नये. जखमेला खाज आली तर चवरीने वारा घालावा, पण खाजवू नये. मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी. आणि एक गोष्ट वाचून मी पान मिटून बसलो. रुग्णाभोवती जिवाभावाची माणसं असावीत, त्यांनी गोड गोष्टी सांगून त्याच्या वेदना कमी कराव्यात, असं तिथे आहे. म्हणजे दाराबाहेरच्या खुर्चीलाही ग्रंथात जागा होती. त्या दिवसापासून मी दाराआडून तिला जुन्या पोस्टिंगचे किस्से सांगू लागलो. त्यातले बरेच तिने आधी ऐकलेले होते.

पट्ट्यांचे चौदा प्रकार त्याने दिले आहेत. शरीराच्या कोणत्या भागावर पट्टी घट्ट, कुठे मध्यम, कुठे सैल, तेही सांगितलं आहे. मांडी आणि डोक्यावर घट्ट, डोळ्यांवर आणि सांध्यांवर सैल, छातीवर मध्यम. आमच्या सर्जनने दिलेल्या सपोर्ट ब्राबद्दल सूचना तीच होती : आधार हवा, आवळणं नको. पट्टी तिसऱ्या दिवशी सोडा, दुसऱ्या दिवशी सोडलीत तर जखम उशिरा भरते आणि दुखते, असंही तो बजावतो. स्तनातल्या गळवाला चीर देताना दूध वाहणाऱ्या नाड्या आणि बोंडं वाचवा, हे चिकित्सास्थानात आहे. हात चालवलेल्या माणसाशिवाय हे कुणी लिहील असं मला वाटत नाही.

सगळंच आज चालतं असं नाही. सुश्रुत जखमी माणसाला दूध-दही वर्ज्य सांगतो. आमच्या डॉक्टरांनी प्रथिनं वाढवा म्हणून दूध, दही, अंडी लिहून दिली, आणि आम्ही डॉक्टरांचं ऐकलं. धुरी तर टाक्यांजवळ नकोच. तुम्हीही या भाषणावरून घरगुती प्रयोग करू नका.

आता काशीतून पुण्याला येऊ, कारण याच विद्येचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आपल्याकडचा आहे. टिपूशी १७९२ सालपर्यंत चाललेल्या युद्धात इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा बैल हाकणारा होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. तशी शस्त्रक्रिया मुंबईच्या क्रुसो आणि फिंडले या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली होती, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती चित्रासह छापून आली. सुश्रुत गालाची कातडी घ्यायला सांगतो, पुण्याच्या या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे पोथी समोर ठेवून केलेलं हे काम नव्हतं, हातातून हातात आलेलं होतं. कारागिराचं नाव मात्र त्या मजकुरात कुणी लिहिलं नाही. मला हे फार लागतं. बैलवाल्याचं नाव राहिलं, वैद्याचं गेलं.

पण तो मजकूर नीट पाहा, त्यातली निम्मी हकिकत कापल्यानंतरची आहे. मेणाचा साचा करून कातडी कापली, नाकावर वळवली, पण भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. वरून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा थर दिले. कात म्हणजे तोच, बनारसी पानातला. चार दिवस त्याला हात नाही. मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये हीच रीत एका लष्करी अधिकाऱ्यावर वापरली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तिथून ती युरोपभर गेली.

हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तीही उताणंच झोपत होती, कुशीवर वळायला बंदी होती. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. बाराव्या दिवशी घरी पाहुणे आले. 'लहानशी गाठ' होती ना, मग बाई एव्हाना हिंडती-फिरती असणारच! कुणीतरी म्हणालं, वरच्या कपाटातली रजई काढ गं. तिला नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळी आईने पट्टी सोडली तर उभा आणि आडवा टाका जिथे मिळतो, तिथे जखम बोटाच्या पेराएवढी उघडली होती. त्या जागी ताण सर्वात जास्त असतो. सर्जनने पाहिलं. पू नव्हता, ताप नव्हता, लाली पसरत नव्हती. पुन्हा टाके घालायची गरज नाही, आतून भरून येऊ दे, म्हणाले. आत दोष ठेवून वरून जखम घाईने भरू देऊ नये, हे सुश्रुतानेही लिहून ठेवलं आहे. आणखी तीन आठवडे मी गॉज कापत राहिलो. चूक सर्जनची नव्हती आणि रजई मागणाऱ्याचीही नव्हती. आम्हीच खरं सांगितलं नव्हतं.

जखम भरल्यावरही सुश्रुत रुग्णाला सोडत नाही. अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, अजीर्ण, राग, भीती, फार आनंदसुद्धा टाळा म्हणतो. व्रणाचा रंग त्वचेशी मिळवणं, उंचवटा बसवणं, गेलेले केस परत आणणं, हेही त्याच्या साठ उपक्रमांत आहे. म्हणजे दिसण्याची काळजी त्याला थिल्लर वाटली नव्हती. नीट भरलेल्या जखमेची त्याची खूण अशी : गाठ नाही, सूज नाही, दुखत नाही, आजूबाजूच्या त्वचेच्या रंगाची आणि सपाट.

ही यादी मी तिला कागदावर लिहून दिली होती. दहा महिन्यांनी तिचा फोन आला. "बाबा, चार जमल्या. रंग अजून जुळायचाय."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? तर म्हणाली, वर्ष-दीड वर्ष लागतं, सिलिकॉनची पट्टी लावत राहा आणि उन्हापासून जप. त्या रविवारी ती ब्रह्माघाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेली होती. पिशवी खांद्यालाच होती, पण वळ उठला नव्हता.